निळसर पुवाचा जंतू

नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव यांपैकी कोणत्याही गावच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन 'स्युडोमोनास' मागितले, तर दुकानदार ट्रायकोडर्माच्या शेजारची पुडी काढून देतो. टोमॅटोची मर, रोपवाटिकेतली कूज अशा रोगांवर ती जमिनीत मिसळायची असते. जिवाणूंची लॅटिन नावे सहसा महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर पडत नाहीत. हे मात्र जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शेतकऱ्याच्या तोंडी बसले आहे. पुडीतल्या जिवाणूचे पूर्ण नाव स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स. तो मातीतल्या रोगकारक बुरशीशी झगडतो आणि माणसाच्या वाटेला सहसा जात नाही.

त्याचा एक भाऊबंद मात्र जातो. त्याचे नाव स्युडोमोनास एरुजिनोसा. एरुजिनोसा म्हणजे तांब्याच्या भांड्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजाच्या रंगाचा. हाही मुळात ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात, नळाच्या तोंडाशी, मोरीत राहणारा. त्याला दोन गोष्टी लागतात, ओल आणि ऊब. माणसाच्या अंगावर या दोन्ही एकत्र मिळण्याची हमखास जागा म्हणजे कानाची बाहेरची नळी. या नळीला सूज येते, ठणका लागतो आणि पू येतो, तेव्हा त्या पुवात बहुतेक वेळा दोन जिवाणूंपैकी एक सापडतो. एक हा स्युडोमोनास आणि दुसरा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे केसतूड करणारा जिवाणू. कधी त्यांच्या जोडीला बुरशी असते.

आपल्या या दोन तालुक्यांत ओलीचे दोन हंगाम आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत मुले विहिरीत पोहायला शिकतात. माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे ही धरणे झाल्यापासून पूर्वेकडच्या कोरड्या गावांतही कालव्याचे पाणी आले आणि कालव्यात डुंबणारी मुलेही आली. दुसरा हंगाम पावसाळ्याचा. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात आवणीच्या दिवसांत माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिजत असतो. कान कोरडा व्हायला सवडच मिळत नाही.

या जंतूचा आणि त्याच्यावरच्या औषधांचा इतिहास या लेखात आपण पाहणार आहोत. तो शिक्षकांना उपयोगी पडावा असे वाटते, कारण 'प्रतिजैविके घेऊन घेऊन जंतू निर्ढावले' हे एक वाक्य आता पाठ्यपुस्तकापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्वत्र आढळते. ते खोटे नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट येते.

प्रथम कानाची रचना. प्रौढ माणसाच्या कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा. तेथे केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला भाग हाडाचा, त्यावर अतिशय पातळ त्वचा आणि शेवटी पडदा. कानातल्या मळाला आपण उगाच नावे ठेवतो. तो मेणचट असल्याने पाणी झिरपू देत नाही आणि किंचित आम्लधर्मी असल्याने जिवाणूंना वाढू देत नाही. शिवाय नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत असते. दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, पण ती सरकते, आणि आपल्याबरोबर मळही बाहेर आणते. निसर्गाने बसवलेला हा सरकता पट्टा आपण काडी, केसाचा आकडा नाही तर पेनचे टोपण घालून उलटा फिरवतो. मळ आत ढकलला जातो, त्वचेला ओरखडा पडतो, आणि वर विहिरीचे पाणी गेले की आम्लता धुपून जाते. स्युडोमोनासला आणखी काही नको असते.

कानाचे दुखणे बाहेरच्या नळीचे की पडद्यामागचे, हे ओळखण्याची एक जुनी खूण आहे. कानाची पाळी हलकेच ओढली किंवा कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा दाबला की कळ येते, तेव्हा दुखणे बहुधा बाहेरच्या नळीचे असते. पडद्यामागच्या दुखण्यात असे सहसा होत नाही. ज्या मुलाचा कान महिनोन्महिने वाहतो, त्याचा प्रकार बहुधा दुसरा असतो, म्हणजे पडद्याला भोक पडलेले असते. असे मूल मागच्या बाकावर बसले की त्याला ऐकू येत नाही आणि शिक्षकांच्या लेखी ते 'लक्ष नसलेले' ठरते. हा आपल्या लेखाचा विषय नव्हे, पण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

कान वाहणे ही तक्रार आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णस्राव आहे, खाज सुटणारा कर्णकंडू आहे, दुर्गंधीयुक्त पूतिकर्ण आहे. उपचारांमध्ये कान पुसणे, धुणे, धुरी देणे, औषध भरणे असे निरनिराळे प्रकार येतात. यातल्या पुसण्याला आजचे कानतज्ज्ञही पहिले स्थान देतात, कारण पुवाने भरलेल्या नळीत वरून कितीही थेंब टाकले तरी ते त्वचेपर्यंत पोचत नाहीत. घरोघरी चालत आलेला लसणाच्या कोमट तेलाचा उपाय मात्र ओल कोंडून ठेवतो. त्याने ठणका क्षणभर शमल्यासारखा वाटत असला, तरी बुरशीला तो मानवतोच.

आता जंतूकडे वळू. एकोणिसाव्या शतकात रुग्णालयांतल्या शस्त्रवैद्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसे. काही जखमींच्या पट्ट्या निळसर हिरव्या होत. फ्रेंच शस्त्रवैद्य सेदियो याने १८५० मध्ये या रंगाची नोंद केली. १८६० मध्ये फोर्दोस या रसायनज्ञाने पट्ट्यांमधून तो रंग स्फटिकरूपात वेगळा काढला. त्याला पायोसायनिन, म्हणजे पुवातला निळा, असे नाव मिळाले. रंग हाती आला, पण तो कोणामुळे तयार होतो हे कळायला आणखी बावीस वर्षे जावी लागली. कार्ल जेसार हा फ्रेंच सैन्यातला औषधशास्त्रज्ञ होता. त्याने १८८२ मध्ये या पट्ट्यांमधून जिवाणू वेगळा वाढवून दाखवला. कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तेही हेच वर्ष. क्षयाच्या जंतूचे नाव जगभर झाले आणि निळ्या पुवाचा जंतू पाठ्यपुस्तकातल्या तळटीपेत राहिला. त्या काळी त्याला फारसे कोणी शत्रू मानतच नव्हते. जखमेवर आयता येऊन बसणारा एक भुरटा, एवढीच त्याची ओळख.

उलट काहींना तो मित्र वाटला. जर्मनीतल्या एमेरिख आणि लोव्ह या दोघांच्या लक्षात आले की या जिवाणूच्या जुन्या द्रवात पटकी, विषमज्वर, घटसर्प यांचे जंतू मरतात. १८९९ मध्ये त्यांनी त्या द्रवापासून 'पायोसायनेझ' नावाचे औषध केले. ते काही वर्षे रोग्यांवर वापरलेही गेले. प्रत्येक खेपेचा गुण निराळा येई आणि ते विषारीही ठरे, म्हणून पुढे मागे पडले. फ्लेमिंगने पेनिसिलीनचा शोध लावला १९२८ मध्ये. म्हणजे त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी एका जिवाणूपासून काढलेले जंतुनाशक औषध माणसांना दिले जात होते, आणि तो जिवाणू आपल्या कानातला हाच! दुसऱ्यांना मारणारी रसायने तयार करणे हा त्याचा मूळ धंदा आहे. मातीत आणि पाण्यात हजारो जातींच्या शेजारात राहायचे, तर हल्ला आणि बचाव दोन्ही यावे लागतात. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, पुढे ती लागणार आहे.

कानाच्या रोगात मात्र या जंतूचे नाव बराच काळ पुढे आलेच नाही. उष्ण प्रदेशांतल्या कानदुखीचा दोष बुरशीवर टाकण्याची पद्धत होती. कानात डोकावले की काळे ठिपके असलेला, ओल्या टीपकागदासारखा थर दिसतो तो ॲस्परजिलस बुरशीचा, आणि डोळ्यांना दिसते त्याला दोषी धरणे सोपे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात आणि पॅसिफिक बेटांवर गेलेल्या गोऱ्या सैनिकांचे कान सटासट सुजू लागले. 'सिंगापूरचा कान', 'हाँगकाँगचा कान' अशी नावे या दुखण्याला पडली, जणू दोष त्या शहरांचा! सैनिक कानामुळे निकामी होऊ लागल्यावर सैन्याला संशोधन सुचले. सेंट लुईसचे कानतज्ज्ञ बेन सेन्टुरिया आणि इतरांनी १९४५-४६ च्या सुमारास रोग्यांच्या आणि निरोगी माणसांच्या कानांतले जंतू वाढवून शेजारी शेजारी ठेवून पाहिले. निरोगी कानात स्युडोमोनास क्वचित मिळाला, सुजलेल्या कानात वारंवार. बुरशी दोषी होती, पण थोड्याच कानांत. शास्त्रात तुलनेसाठी निरोगी गट का घ्यावा लागतो, हे वर्गात सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला आठवत नाही.

तोवर पेनिसिलीन आले होते. पण ते या जंतूच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून निरुपयोगी होते. त्याचे कारण त्याच्या भिंतीत आहे. ग्राम या डॅनिश शास्त्रज्ञाच्या १८८४ च्या रंगपरीक्षेनुसार जिवाणूंचे दोन मोठे वर्ग पडतात. स्टॅफिलोकॉकसला एकच जाड भिंत असते. स्युडोमोनासच्या भिंतीबाहेर आणखी एक पापुद्रा असतो आणि त्यातली छिद्रे अगदी अरुंद असतात. औषध आत शिरतच नाही. जे थोडे शिरते ते बाहेर उपसून टाकणारे पंप त्याच्याजवळ असतात. विहिरीत पाझरणारे पाणी मोटर लावून उपसत राहावे तसा हा प्रकार. झिरपण्याचा वेग उपशापेक्षा कमी असला की विहीर कोरडीच राहते. त्यातूनही काही औषध उरले, तर पेनिसिलीनचा रेणू तोडणारे विकर असते. म्हणजे या जंतूचा प्रतिरोध मुळात आपण निर्माण केलेला नाही. तो तसाच आपल्याकडे आला.

कानातल्या दुसऱ्या जिवाणूची, स्टॅफिलोकॉकसची, कथा याच्या उलट आहे. तो सुरुवातीला पेनिसिलीनने हटकून मरत असे. लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर यांनी दर वर्षी हिशेब ठेवला. पेनिसिलीनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे प्रमाण १९४६ मध्ये शेकडा १४ होते. १९४७ मध्ये ते ३८ झाले आणि १९४८ मध्ये ५९. विशेष म्हणजे जुना जंतू बदलला असे फारसे घडले नव्हते. जे थोडे मुळातच विकर बाळगून होते, ते उरले आणि रुग्णालयभर पसरले. डार्विनची निवड इतक्या थोड्या वर्षांत आणि आकड्यांसकट क्वचितच पाहायला मिळते.

या वर्षांत भारतात पेनिसिलीन परदेशातून येत होते. देशातच औषधे बनली पाहिजेत, असा आग्रह धरणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी हे प्रमुख होते. अखेर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पेनिसिलीनचा सरकारी कारखाना काढायचे ठरले. जागा निवडली ती आपल्याच पुणे जिल्ह्यातली पिंपरी, त्या वेळी मुंबई रस्त्यावरचे एक लहान गाव. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे स्ट्रेप्टोमायसीनही तेथे होऊ लागले. बुरशीपासून पेनिसिलीन मिळते, तर स्ट्रेप्टोमायसीन स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या मातीतल्या जिवाणूपासून. अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झने ते १९४३ मध्ये शोधले होते. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो, तो मुख्यतः याच कुळातल्या जिवाणूंचा.

पिंपरीच्या कारखान्याला संशोधन विभाग होता आणि आपल्या मातीत काय आहे हे तेथे शोधले जात होते. म. ज. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये तेथे एक नवे बुरशीनाशक प्रतिजैविक मिळवल्याचे जाहीर केले. त्याचे नाव हॅमायसीन. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे त्यात आहेत. ज्या स्ट्रेप्टोमायसीसपासून ते मिळाले त्या जातीला त्यांनी 'पिंप्रिना' म्हटले. एका मराठी गावाचे नाव जिवाणूशास्त्रात असे कायमचे गेले. हॅमायसीन तोंडातल्या बुरशीवर आणि कानातल्या बुरशीवरही वापरले गेले. सिंगापूरच्या कानाला सिंगापूर नाव देणाऱ्यांनी हे औषध मात्र फारसे वापरले नाही. ते मुख्यतः भारतातच राहिले. १९९० नंतर बाहेरून येणाऱ्या स्वस्त पेनिसिलीनपुढे पिंपरीचा कारखाना तग धरू शकला नाही, तो निराळाच विषय आहे.

स्युडोमोनासवर चालणारी औषधे एकेक करून आली, आणि तीही बहुतेक मातीतूनच. १९४७ मध्ये पॉलिमिक्सिन, १९४९ मध्ये वॅक्समन आणि लेशव्हालिए यांचे निओमायसीन, १९६३ मध्ये जेन्टामायसीन. पोटात किंवा शिरेतून दिली तर यांतली काही मूत्रपिंडाला आणि ऐकण्याच्या शक्तीला बाधक ठरत, म्हणून वरून घालण्याच्या थेंबांत ती सोयीची ठरली. त्यातही एक अडचण आहे. पडद्याला भोक असेल तर निओमायसीन, जेन्टामायसीन आतल्या कानापर्यंत पोचून बहिरेपणा आणू शकतात. कान तपासल्यावाचून दुकानातून थेंब आणून घालू नयेत, ते यासाठी. १९८० नंतर सिप्रोफ्लॉक्सासिन आले. ते मातीतले नाही, संपूर्ण माणसाने घडवलेले. ते तोंडाने घेता येई आणि स्युडोमोनासला मारी. भारतीय कंपन्यांनी ते लवकरच स्वस्तात बनवायला सुरुवात केली आणि जुलाबापासून डोळ्याच्या थेंबांपर्यंत सर्वत्र ते जाऊन पोचले. मग या जंतूने आपल्या पंपांची संख्या वाढवली, आणि औषध ज्या विकराला धरते त्यात लहानसा बदल करून घेतला. मातीत कधी न भेटलेल्या औषधालाही जुनेच पंप उपयोगी पडले.

येथे मघाशी लक्षात ठेवलेली गोष्ट पुढे आणू. १९७३ मध्ये बेनव्हेनिस्ते आणि डेव्हिस यांना असे दिसले, की रुग्णालयातले प्रतिरोधक जिवाणू ज्या विकरांनी जेन्टामायसीनच्या कुळातली औषधे निकामी करतात, तशीच विकरे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीसमध्येही आहेत. तर्क सरळ आहे. जो विष तयार करतो त्याला स्वतःसाठी उताराही बाळगावा लागतो. हा उतारा जनुकांत लिहिलेला असतो, आणि जिवाणू जनुके एकमेकांना देतात. जपानमध्ये १९५९ मध्येच दिसून आले होते की आमांशाचे जंतू एकदम तीनचार औषधांचा प्रतिरोध दुसऱ्या जातीकडून घेतात. २००६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मातीतल्या ४८० स्ट्रेप्टोमायसीसांची २१ औषधांवर परीक्षा घेतली. एकही जात सर्व औषधांनी मरणारी निघाली नाही. सरासरीने प्रत्येक जात सात-आठ औषधांना पुरून उरली. २०११ मध्ये त्याच गटाने युकॉनच्या तीस हजार वर्षे गोठलेल्या मातीतून प्रतिरोधाची जनुके काढली. तेव्हा औषधाचे दुकान नव्हते, डॉक्टर नव्हते, अर्धवट सोडलेल्या गोळ्याही नव्हत्या. पिंपरीच्या मातीत हॅमायसीन सापडले, तर पिंपरीच्याच काय, नारायणगावच्या आणि मंचरच्या मातीतही औषधे आणि त्यांचे उतारे शेजारी शेजारी असणार, यात नवल नाही.

मग माणसाचा दोष कोठे? तो निवडीत आहे. माती हा उताऱ्यांचा प्रचंड साठा आहे. त्यातला कोणता उतारा वर यावा, हे आपण कोणते औषध किती ओततो त्यावर ठरते. आणि आपण ते केवळ माणसांवर ओतत नाही. टोमॅटोवरचे जिवाणूजन्य ठिपके किंवा डाळिंबावरचा तेल्या दिसला की कृषी सेवा केंद्रातून सहा ग्रॅमची एक पुडी आणली जाई. स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. ती बनवणाऱ्यांत पिंपरीचा हाच कारखाना होता. क्षयावरचे औषध ताम्रयुक्त बुरशीनाशकाबरोबर पंपात कालवून शिवारभर फवारले जाते, हे डॉक्टरांना फार उशिरा कळले. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ही पुडी शिफारशीने आणि परवान्यासह मिळत होती. गायीच्या कासेला दगडी झाली की सडात घालायच्या नळीतही प्रतिजैविक असते. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन मिसळत. ते पॉलिमिक्सिनचे सख्खे भावंड, आणि माणसाच्या बाबतीत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले. चीनमध्ये २०१५ मध्ये कोलिस्टिनचा प्रतिरोध एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो असे दिसले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

आता एक प्रश्न, जो वाचणाऱ्याच्या मनात येईलच. कानातल्या जंतूवर अमुक औषध चालत नाही असे प्रयोगशाळा सांगते, ते कशावरून? कापसाच्या बोळ्याने पू घेऊन आगारच्या ताटलीवर पसरतात. त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ दिसते. ते मोठे असेल तर औषध लागू, लहान असेल तर नाही. १९६६ पासून ही पद्धत प्रमाणित झाली आहे. साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही ती करता येते. (शाळेत मात्र पुवातले जंतू वाढवण्याचा प्रयोग कोणी करू नये.) परंतु 'मोठे' आणि 'लहान' यांची सीमा ठरते ती औषध रक्तात किती चढते त्यावरून. सिप्रोफ्लॉक्सासिनची पाचशे मिलिग्रॅमची गोळी घेतली तर रक्तात मिलिलिटरला दोन-तीन मायक्रोग्रॅम औषध चढते. कानात घालायच्या ०.३ टक्के थेंबात मिलिलिटरला तीन हजार मायक्रोग्रॅम असते. हजारपट! त्यामुळे चकतीवर 'प्रतिरोधक' ठरलेला जंतूही स्वच्छ केलेल्या कानात थेंबांनी पुष्कळदा मरतो. उलट त्याच कानासाठी गोळ्या दिल्या तर त्या कानापर्यंत तुटपुंज्या पोचतात आणि पोटातल्या असंख्य जिवाणूंना मात्र विनाकारण निवडीत ढकलतात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये दिलेला सल्ला हाच आहे, की साध्या बाह्यकर्णदाहाला थेंब द्यावेत, गोळ्या देऊ नयेत.

तर मग प्रतिरोधाची भीती कोणाला? विहिरीत पोहणाऱ्या मुलाला फारशी नाही. ती आहे त्याच्या मधुमेही आजोबांना. अमेरिकन कानतज्ज्ञ चँडलर यांनी १९६८ मध्ये काही रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. बहुतेक वृद्ध आणि मधुमेही. त्यांच्या कानातला स्युडोमोनास नळीतून कवटीच्या तळच्या हाडात उतरला होता. त्यांतले निम्म्याच्या आसपास रोगी दगावले. हाडात थेंब पोचत नाहीत. तेथे औषध रक्तातूनच जावे लागते, आणि तेही अनेक आठवडे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आल्या तेव्हा या रोग्यांना प्रथमच घरी राहून बरे होता येऊ लागले. पुढे त्या गोळ्यांना दाद न देणारे जंतू याच रोगात दिसू लागले. येथे चकतीचा निकाल तंतोतंत लागू पडतो, आणि हजारपटीची सवलत मिळत नाही. म्हाताऱ्या मधुमेही माणसाचा कान रात्री झोप उडवण्याइतका दुखत असेल आणि थेंबांनी आठवडाभरात उतार पडत नसेल, तर त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांवर न थांबवता कानतज्ज्ञांकडे न्यावे. सिप्रोसारखी औषधे सर्दी-पडशाला वाटून टाकण्याचा हिशेब शेवटी या माणसांच्या नावावर मांडला जातो. मार्च २०१४ पासून सरकारने काही प्रतिजैविके 'एच-१' यादीत टाकली आणि त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. नोंदवही कोणत्या दुकानात किती मनापासून लिहिली जाते, हे वाचकांनी आपापल्या गावात पाहावे.

साध्या कानासाठी एक फार जुने औषध अजून चालते. पहिल्या महायुद्धात निळा पू धरलेल्या जखमांवर शेकडा एक किंवा त्याहून सौम्य ॲसेटिक आम्ल वापरल्याचे वृत्त १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधला आंबटपणा. या जंतूला ते मानवत नाही. कानतज्ज्ञ आजही ॲसेटिक आम्लाचे थेंब देतात. आजार आठवडाभराहून लांबला तर ते एकटे कमी पडतात, असे तुलनात्मक चाचण्यांतून दिसले आहे. पडदा शाबूत असल्याची खात्रीही आधी करावी लागते, म्हणून स्वयंपाकघरातली बाटली उचलून कानात ओतण्याचे कारण नाही. पण हे थेंब करतात ते एवढेच, की विहिरीच्या पाण्याने धुपून गेलेली आम्लता नळीला परत देतात. पोहून वर आलेल्या मुलाने मान कलती करून पाळी मागे-वर ओढली, पाणी निथळू दिले आणि पंचाच्या कोपऱ्याने फक्त बाहेरचा कान टिपला, तर तीच आम्लता काही वेळात आपोआप भरून येते.